१ मेला निकालाबरोबर रक्तदान शिबीर घेऊया



मागच्या महिन्यात माझ्या पाचवीच्या वर्गाला 'रक्तदान' हा निबंध लिहायला दिला. ३१ वह्या तपासल्या. बहुतेक सगळीकडे तेच: रक्तदान श्रेष्ठदान, रक्ताला जात नसते, म्हणून आपण सर्वांनी रक्तदान केले पाहिजे. शुद्धलेखन ठीक होतं, गुण दिले. पण रक्त कोण देऊ शकतं, ते किती दिवस टिकतं, कुणाला आणि कधी लागतं, हे एकाही वहीत नव्हतं. दोष मुलांचा नाही. आपण त्यांना जे नमुना निबंध देतो, त्यातच ते नसतं. माझ्या जुन्या टाचणवहीतही नव्हतं.

मला ते कळलं माझ्याच वर्गातल्या एका मुलामुळे. दर तीन आठवड्यांनी तो एक-दोन दिवस गैरहजर. एकदा मी हजेरीपट पुढे करून त्याच्या आईला चांगलं सुनावलंसुद्धा. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, त्याला रक्त चढवायला नेतो. थॅलेसेमिया आहे त्याला." मला काय बोलावं सुचेना.

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाच्या शरीरात हिमोग्लोबिन नीट तयारच होत नाही. त्यामुळे दर दोन ते चार आठवड्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी रक्त द्यावं लागतं, आणि तेही शक्यतो ताजं. कल्याणला लागून असलेल्या उल्हासनगरात हा शब्द नवा नाही. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथल्या लष्करी छावणीत येऊन वसली, आणि सिंधी समाजात या आजाराच्या वाहकांचं प्रमाण जास्त आहे. पण आजार कुठल्याही समाजात होऊ शकतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. वाहक आहोत का, हे साध्या रक्ततपासणीत कळतं. घरात लग्नाची मुलं असतील तर पालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

त्या ताईंना मी नंतर विचारलं, वर्षातला सगळ्यात अवघड महिना कोणता? मला वाटलं पावसाळा म्हणतील. त्या लगेच म्हणाल्या, "मे. मे महिन्यात दहा ठिकाणी फोन करायचे. कुणी म्हणतं उद्या बघा, कुणी म्हणतं बदली दाता घेऊन या." थॅलेसेमियाच्या मुलांकडून रक्ताचे पैसे घ्यायचे नाहीत असा नियम आहे. पण कपाटात पिशवीच नसेल तर नियम काय करणार?

कारण सोपं आहे. आपल्याकडची शिबिरं होतात २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला, गणपतीत आणि नेत्यांच्या वाढदिवसाला. मे महिन्यात कॉलेजं बंद, अर्धी डोंबिवली कोकणात नाहीतर गावी. आणि रक्त काही लोणचं नव्हे, बरणीत भरून वर्षभर ठेवायला! वेगळ्या केलेल्या तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. प्लाझ्मा तेवढा गोठवून वर्षभर ठेवता येतो. मी मुलांना गणिताच्या तासाला हेच उदाहरण घातलं. २६ जानेवारीला दिलेलं रक्त कधीपर्यंत चालेल? कॅलेंडर काढून मुलांनी मोजलं: ९ मार्च. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, मग मे महिन्यात काय करतात?" निबंधात हा प्रश्न आला असता तर मी तिला पैकीच्या पैकी दिले असते.

डोंबिवलीकरांना मे महिन्याची आणखी एक आठवण आहे. एमआयडीसीतले दोन मोठे स्फोट, २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४, दोन्ही मे महिन्यातच झाले. अशा वेळी लोक धावून जातात, रांगा लावतात, ते चांगलंच आहे. पण त्या क्षणी दिलेलं रक्त लगेच कुणाला चढवत नाहीत. एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग आणि मलेरिया या तपासण्या आधी व्हाव्या लागतात, त्यात कित्येक तास जातात. जखमी माणसाला उपयोगी पडतं ते आधीच येऊन पडलेलं रक्त.

म्हणून माझं म्हणणं असं: प्राथमिक शाळांनी १ मेला निकालाच्या दिवशी शिबीर घ्यावं. एरवी पालकसभेला बाबा दिसत नाहीत, सकाळची फास्ट लोकल पकडून गेलेले असतात. १ मेला सुट्टी असते आणि निकाल बघायला आई-बाबा दोघंही येतात. त्यातले बहुतेक तिशी-चाळिशीतले, म्हणजे रक्त देण्याच्या अगदी योग्य वयाचे. गावी जायच्या गाड्या दुसऱ्या दिवसापासून. १ मेपासून ४२ दिवस मोजले तर १२ जून येतो, म्हणजे जवळजवळ शाळा उघडेपर्यंत. मात्र सगळ्याच शाळांनी एकाच दिवशी ढीग लावू नये. आधी रक्तपेढीला विचारावं, किती पिशव्या हव्यात, आणि जास्त नावं आली तर त्यांना पुढची तारीख द्यावी.

आता कोण देऊ शकतं. वय १८ ते ६५, पण पहिल्यांदाच देणार असाल तर साठीच्या आत. वजन किमान ४५ किलो. त्यात ३५० मिली रक्त घेतात, ४५० मिलीसाठी वजन ५५ किलोच्या वर हवं. हिमोग्लोबिन किमान १२.५. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. गरोदर असताना, बाळंतपणानंतर वर्षभर आणि बाळ अंगावर पीत असेल तर नाही. टॅटू काढला असेल तर वर्षभर थांबा. रक्तदाबाची गोळी चालू आहे पण दाब आटोक्यात आहे, अशांना देता येतं, हे अनेकांना माहीत नसतं. मधुमेहाचंही तसंच: गोळ्या चालतात, चार आठवड्यांत डोस बदललेला नसावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र देऊ नये. उपाशीपोटी नको, म्हणजे चतुर्थीचा उपवास असेल तर त्या दिवशी नको. शेवटचा शब्द शिबिरातल्या डॉक्टरांचा.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. डोंबिवलीत एका मंडळाच्या शिबिरात पहिल्यांदा गेले, तर हिमोग्लोबिन १०.९. परत पाठवलं. सगळ्यांसमोर नापास झाल्यासारखं वाटलं आणि पुढची दोन वर्षं मी शिबिराच्या बाजूने फिरकलेच नाही. ती चूक होती. देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. म्हणजे स्टाफरूममधल्या निम्म्या तरी जणी माझ्यासारख्याच. शेवटी डॉक्टरांकडे गेले, लोहाच्या गोळ्या घेतल्या, चहा जेवणापासून लांब केला. पाच महिन्यांनी १२.७ आलं आणि त्याच आठवड्यात रक्त दिलं. शाळेतल्या शिबिरात एवढं जरी झालं, की पन्नास आयांना आपलं हिमोग्लोबिन कळलं, तरी मला चालेल. पिशव्या कमी भरल्या तरी.

पालक नेहमी विचारतात, "आम्ही फुकट द्यायचं आणि ते विकणार?" रागावण्यासारखा प्रश्न नाही तो. पिशवी, तपासण्या, घटक वेगळे करणं, साठवण याचा खर्च असतो. त्यासाठी सरकारने प्रक्रिया शुल्काची मर्यादा ठरवली आहे. खासगी पेढीला तांबड्या पेशींच्या पिशवीमागे मूळ शुल्क १५५० रुपयांपर्यंत घेता येतं. कुणी जास्त मागितलं तर पावती मागा. आणि पैसे घेऊन रक्त देण्यावर १९९८ पासून बंदी आहे, त्यामुळे रक्त येणार ते आपल्यासारख्यांच्याच हातातून.

जाता जाता निबंधातली एक चूक. 'ओ गट सर्वांना चालतो' असं मुलं लिहितात. तातडीच्या वेळी चालतं ते ओ निगेटिव्ह. आणि एक गट असा आहे, ज्यातल्या माणसाला ओसुद्धा चालत नाही. तो १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या मुंबईतच शोधला, म्हणून त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. वर्गात सांगून बघा, मुलं कान टवकारतात.

आमच्या मोठ्या बाईंनी परवानगी दिली आहे. त्यांची अट एकच, हॉलमधले दोन बंद पंखे आधी दुरुस्त व्हायला हवेत, मे महिन्याच्या उकाड्यात कुणाला चक्कर नको. नोंदणीच्या टेबलावर त्या मुलाची आई बसणार आहे. त्यांना स्वतःला रक्त देता येत नाही. त्या वाहक आहेत, हिमोग्लोबिन साडेबारापर्यंत पोचत नाही.