११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेण्ट, ५ इंचांची वाळू

परवा ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये टीममधल्या एका ज्युनिअरने मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर खाऱ्या पाण्याचा रीफ टँक. निळा लाइट, डुलणारे कोरल्स आणि 'निमो'ची जोडी. 'सॉलिड ना? पुढच्या महिन्यात घेतोय. फक्त एकच सांग, खाली वाळू किती टाकू?'

मी विचारलं, 'घर भाड्याचं की स्वतःचं?'

तो चक्रावला. माशांचा आणि भाडेकराराचा काय संबंध, बॉस? आहे. मला तो जरा महागात पडून कळलाय, म्हणून आज त्यावरच.

आधी बेसिक फंडा. मासे खातात, घाण करतात. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो, म्हणजे माशांसाठी चक्क विष. दगडांवर आणि वाळूच्या वरच्या थरात राहणारे बॅक्टेरिया ऑक्सिजनच्या मदतीने त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट तितकं घातक नाही, पण ते साठत जातं. मग शेवाळ माजतं आणि कोरल्स रुसतात. नायट्रेट घालवायचे नेहमीचे मार्ग दोन. एक, नेमाने पाणी बदला. दोन, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे राहणाऱ्या वेगळ्या बॅक्टेरियांना कामाला लावा. ते नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो बुडबुडे होऊन निघून जातो.

ऑक्सिजन नसलेली अशी जागा टँकमध्ये कुठे मिळणार? जाड वाळूच्या पोटात! ही आयडिया जुनी आहे. मोनॅकोत झाँ जोबेर या शास्त्रज्ञाने वाळूच्या थराखाली पाण्याची पोकळी ठेवून केलेली रचना नव्वदच्या दशकात गाजली. पुढे अमेरिकेतले प्राणिशास्त्रज्ञ रॉन शिमेक यांनी पोकळीशिवायच्या जाड थराचा हिरिरीने पुरस्कार केला. ४ ते ६ इंच साखरेसारखी बारीक वाळू आणि तिच्यात राहणारे असंख्य किडे, हा झाला 'डीप सँड बेड'. लाडाने डीएसबी.

ऐकायला एकदम परफेक्ट. मीही ऐकलं आणि ३ फुटी टँकमध्ये ५ इंच वाळू ओतली. पहिले काही महिने टेस्ट किटवर नायट्रेटचा रंग गडदच होता. वर्षभराने तो फिका झाला, काचेतून वाळूतले बुडबुडे दिसू लागले आणि मी कॉलर ताठ करून फिरू लागलो. त्याच महिन्यात घरमालकाचा फोन आला. मुलाचं लग्न ठरलंय, अ‍ॅग्रीमेण्ट रिन्यू होणार नाही.

शिफ्टिंगच्या दिवशी मी वाळू उपसून बादल्यांमध्ये भरली. मधला थर काळा पडलेला, सडक्या अंड्यांचा वास. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास. ऑक्सिजन अजिबात नसलेल्या थरात हा विषारी वायू तयार होतो. वाळूला कोणी हात लावत नाही तोवर तो सहसा खालीच राहतो. मला वाटलं, वर्षभर जोपासलेले बॅक्टेरिया आहेत, फुकट कशाला घालवायचे? नव्या घरी तीच वाळू, तशीच, टँकमध्ये टाकली. रात्री पाणी गढूळ होतं, मासे वर येऊन धापा टाकत होते. सकाळी दोन्ही क्लाउनफिश आणि एक गोबी तळाशी पडलेले. वर्षभर रोज ऑफिसला निघताना ते माझ्या बोटामागे काचेशी यायचे. त्यांना मी मारलं, घरमालकाने नाही. हे कबूल करायला बरेच दिवस गेले.

तर फ्रेण्ड्स, वाळूची खोली ठरवताना स्वतःला तीन प्रश्न विचारा.

एक : या घरात किती दिवस? जाड थर नीट बसायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि त्यानंतर तो हलवायचा नसतो. ११ महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेण्टवर राहणाऱ्याने तो करूच नये. वजनाचाही हिशेब करा. ३ फूट बाय दीड फुटाच्या टँकमध्ये प्रत्येक इंचाला साधारण १६ किलो वाळू लागते. ५ इंच म्हणजे ८० किलो! शिवाय १८ इंच उंचीच्या टँकमध्ये माशांना उरतात १३ इंच.

दोन : आत कोण राहणार? क्लाउनफिशला वाळूशी फारसं देणंघेणं नसतं. पण हॅलिकोरीस जातीचे रॅस मासे रात्री वाळूत शिरून झोपतात, त्यांना २-३ इंच तरी हवी. जॉफिश बीळ खणतो, त्याला ५ इंचही कमीच वाटतात. अशा एखाद्या पाहुण्यासाठी अख्खा टँक भरायची गरज नाही. एका कोपऱ्यात खोलगट डबा ठेवून त्यात वाळू भरा. शिफ्टिंगला डबा रिकामा केला की झालं.

तीन : सफाईला वेळ किती? एक ते दीड इंचाचा पातळ थर असेल तर पाणी बदलताना पाइपने वाळूतली घाण ओढून घेता येते. डीएसबीमध्ये खोलवर पाइप खुपसायचा नाही. तिथे सफाई किडे करतात, तुम्ही फक्त खाणं कमी टाकायचं. वाळू अजिबात नको? काचेचा तळ उघडा ठेवणारेही आहेत. घाण लगेच दिसते, पंप जोरात चालवता येतो. मात्र दिसायला जरा ओकंबोकं.

मधल्या मापाचा, म्हणजे तीनेक इंचांचा थर अनुभवी मंडळी टाळतात. घाण अडकण्याइतका तो जाड असतो, पण नायट्रेटचं काम भरवशाने करण्याइतका नाही. 'सेफ साइडला मधलं घेऊ' हा ऑफिसमधला फंडा इथे चालत नाही.

पातळ थरासाठी दाणा १-२ मिलिमीटरचा घ्या. साखरेइतकी बारीक वाळू पंपाच्या झोताने उडून कोरल्सवर बसते. वाळू शिंपल्या-प्रवाळांची, म्हणजे अ‍ॅरागोनाइटची असावी. चौपाटीवरून पिशवी भरून आणायचा विचारही नको. तिच्यासोबत शहराचं सांडपाणी घरी येतं.

आणि घर बदलायची वेळ आलीच, तर जुनी वाळू टाकून द्या किंवा पाणी नितळ येईपर्यंत धुवा. बॅक्टेरिया दगडांवरही भरपूर असतात, त्यामुळे दगड ओले ठेवून न्या. मासे जुन्या टँकच्याच पाण्यात, सोबत बॅटरीवरचा एअर पंप. त्यानंतर आठवडाभर रोज अमोनियाची टेस्ट.

ज्युनिअरला मी दीड इंच सांगितलं. 'एवढीच? डीएसबी जास्त कूल वाटतं,' त्याने तोंड पाडलं. मग हळूच म्हणाला, 'तसंही मार्चमध्ये अ‍ॅग्रीमेण्ट संपतंय.' माझंही ऑगस्टमध्ये संपतंय. माझ्या टँकमध्येही दीडच इंच वाळू आहे, आणि नवी जोडी आता बोटामागे यायला लागलीय.