*'बायो' लिहिलंय म्हणून शेतात कुजेलच असं नाही*



टोमॅटो, मिरची, कलिंगडाची लागण म्हटली की मल्चिंग पेपरची खरेदी आलीच. हल्ली दुकानात 'बायो', 'वनस्पतीपासून बनवलेला', 'पर्यावरणपूरक' असं छापलेला मालही दिसतो. दर साध्या पेपरपेक्षा जास्त असतो. म्हणून आज खत-औषधाचा सल्ला बाजूला ठेवून या विषयावर आमचं मत स्पष्ट सांगतो.

*प्लॅस्टिक कशापासून बनलं हा एक प्रश्न. वापर झाल्यावर त्याचं काय होणार हा दुसरा.* विकणारा पहिल्याचंच उत्तर देतो. आपल्या जमिनीला मात्र दुसऱ्या प्रश्नाशी मतलब आहे.

खरी उदाहरणं बघा.

*1) उसाचं पॉलिथिन.* ब्राझीलमधली ब्रास्केम कंपनी 2010 पासून उसाच्या इथेनॉलपासून मोठ्या प्रमाणावर पॉलिथिन बनवते. कच्चा माल ऊस, पण तयार होणारं पॉलिथिन पेट्रोलियमच्या पॉलिथिनसारखंच. नेहमीच्या पॉलिथिनबरोबर ते पुन्हा वितळवून वापरता येतं, ही जमेची बाजू. पण मातीत गाडलं तर कुजत नाही.

*2) पीएलए.* दह्याला आंबटपणा देणारं लॅक्टिक आम्ल आपल्या ओळखीचं आहे. साखर जिवाणूंकडून आंबवून तेच आम्ल मिळवतात आणि त्याची साखळी जोडून पीएलए प्लॅस्टिक करतात. प्राज कंपनीचा असा प्रात्यक्षिक प्रकल्प 2024 मध्ये आपल्या जेजुरीत सुरू झाला. उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनी मिल्सने कुंभी इथे मोठा कारखाना हाती घेतला आहे. काम चांगलं आहे, पण पीएलए कुजायला साधारण 60 अंश उष्णता राखणारा मोठा कंपोस्ट प्रकल्प लागतो. बांधावर किंवा उकिरड्यात टाकलं तर ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं. वितळवून किंवा रासायनिक प्रक्रियेने परत लॅक्टिक आम्ल करून त्याचा पुनर्वापर होतो, पण वेगळं गोळा केलं तरच. पाण्याच्या बाटल्यांच्या भंगारात मिसळलं तर तो मालही बिघडवतं.

*3) शेतात खरोखर कुजणारं मल्चिंग.* यात बहुतेक वेळा पीबीएटी नावाचं प्लॅस्टिक आणि स्टार्च यांचं मिश्रण असतं. गंमत अशी की पीबीएटी आजही मुख्यतः पेट्रोलियमपासूनच बनतं. म्हणजे उसाचं असून कुजत नाही आणि पेट्रोलियमचं असून कुजतं, असंही होतं!

*4) 'ऑक्सो' पेपर.* हा उन्हाने फुटतो, तुकडे होतात आणि 'विरघळला' असं वाटतं. तुकडे होणं म्हणजे कुजणं नव्हे. युरोपात ऑक्सो प्लॅस्टिकच्या वस्तू विकायला 2021 पासून बंदी आहे. आपणही याच्या नादी लागू नये.

एवढं बारकाईने का सांगतोय? पातळ मल्चिंग हंगामाअखेर फाटतं. निम्मं हाताला येतं, निम्मं रोटाव्हेटरखाली जाऊन त्याच्या चिंध्या होतात. एकदा मातीत मिसळलेले तुकडे वेचता येत नाहीत. पुढे मुळांच्या आणि पाण्याच्या वाटेत तेच येतात. गोळा केलेलं बांधावर पेटवलं तर विषारी धूर आपल्याच घरात. जमीन पुढच्या पिढीला द्यायची आहे, त्यात 'बायो' छापलेल्या चिंध्या असून चालणार नाही.

*पेपर घेताना दुकानदाराला हे विचारा:*
▪️ शेतातल्या मातीत कुजतो की फक्त कंपोस्ट प्रकल्पात?
▪️ प्रमाणपत्र कोणतं? *आयएस/आयएसओ 17088* हे कंपोस्ट प्रकल्पासाठी आहे, शेतासाठी नाही. मातीत कुजणाऱ्या मल्चिंगसाठी युरोपचं *ईएन 17033* आहे. त्यात प्रयोगशाळेच्या चाचणीत 2 वर्षांत मातीत किमान 90 टक्के विघटन व्हावं लागतं.
▪️ कुजत नसेल तर वापरलेला पेपर परत कोण घेणार?

तोंडी उत्तरावर जाऊ नका, कागद दाखवा म्हणा.

*आमचं मत:* खात्रीचा कुजणारा पेपर मिळाला तर सगळ्या रानात न टाकता आधी दोन बेडवर करून बघा. त्याचा एक तुकडा जाळीच्या पिशवीत घालून वीतभर खोल पुरा, जागेवर खूण ठेवा आणि पुढच्या हंगामात उकरून बघा. बाकी रानात साधाच पेपर वापरा, पण जाड, म्हणजे काढताना अख्खा निघेल. माती झटकून, कोरडा करून, गुंडाळी बांधून ठेवा. एकट्याच्या चार गुंडाळ्यांना भंगारवाला विचारत नाही. गावाचा माल एकत्र झाला तर बोलणी करता येतात. कंपनी असते ती याचसाठी.

ऊस उत्पादकांसाठी एक गोष्ट. उद्या आपल्या उसाचं प्लॅस्टिक झालं तरी एफआरपी साखरेच्या उताऱ्यावरच ठरते. प्लॅस्टिकमधला नफा आपोआप दरात येणार नाही, तो मागावा लागेल. मागणी आतापासून सुरू करा.

ऊस आपला आणि जमीनही आपली. मग प्रश्नही आपणच विचारायचे.

तुमच्याकडे 'बायो' पेपरचा अनुभव असेल, चांगला किंवा वाईट, तर फोटोसह याच नंबरवर पाठवा. मेसेज गटातल्या इतर शेतकऱ्यांनाही पुढे पाठवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी