बागेचा निकाल मे महिन्यात लागतो

डिसेंबर उजाडला की बागेचा शौक असणाऱ्यांना उधाण येते. आमच्या मेहकरातही हेच. गार्डन क्लब हा शब्द आमच्यासाठी जरा मोठा आहे. दहा-बारा घरे, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि रविवारी कोणाच्या तरी गच्चीवर चहा, एवढाच आमचा कारभार. त्यात शिक्षक आहेत, निवृत्त कारकून आहेत, एक शिंपी आहेत, काही गृहिणी आहेत. आपा आहेत तशा काकूही आहेत. नाताळच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची मुले घरी येतात, शेवंतीचे मुनवे आणि गुलाबाच्या काड्या या घरातून त्या घरात जातात. एक जानेवारीला शुभेच्छांच्या जोडीला फुलांचे फोटो येतात.

हे सगळे मला आवडते. पण या आनंदात एक फसगत आहे, आणि ती वर्षाच्या सुरुवातीलाच बोललेली बरी.

हिवाळ्यातली बाग आपण कमी आणि ऋतू जास्त करतो. ऑक्टोबरात गुलाब छाटला की साधारण दीड-दोन महिन्यांत तो फुलतोच. दिवस लहान झाला की शेवंती कळ्या धरते, लालपत्तीची वरची पाने लाल होतात. ऊन मवाळ असते, जमिनीतली ओल टिकते. अशा दिवसांत झाड जगवणे ही काही फार मोठी कामगिरी नाही. खरा निकाल लागतो मे महिन्यात. जानेवारीत वाटलेल्या रोपांपैकी मे अखेर किती जिवंत आहेत, हे किती जण मोजतात?

म्हणून माझे म्हणणे असे, की डिसेंबर-जानेवारीच्या बैठकीत फुलांइतकीच पाण्याची चर्चा झाली पाहिजे.

आपल्या जुन्या लोकांना हे कळत होते. मलिक अंबरने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले तेव्हा शहरासाठी नहर बांधली. पुढे तिथल्या पाणचक्कीला लांबवरून जमिनीखालून पाणी आणले गेले. त्या पाण्यावर जाते फिरले आणि हौदही भरला. बीबी का मकबऱ्याच्या चारबागेतही पाण्याच्या वाटा आधी आखलेल्या दिसतात. बंगळूरचा लालबाग हैदर अलीने सुरू केला, टिपूने वाढवला. आज प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिथले पुष्पप्रदर्शन पाहायला गर्दी लोटते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्येही जानेवारीत असेच प्रदर्शन भरते. ते भरवणारी ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी 1830 सालची आहे. प्रदर्शन चार-पाच दिवसांचे असते. संस्था टिकते ती बाकीचे वर्षभर बाग सांभाळल्यामुळे.

आता आपल्याकडे पाहू. पैनगंगेच्या काठचे हे गाव, पण उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येईल याचा हिशेब घरोघरी चालतो. अशा वेळी कुंडीला पाणी घालायला बाईच्या जिवावर येते, आणि ते बरोबरच आहे. पिण्याच्या पाण्यावर बाग जगवू नये.

मग पाणी कुठले? मशिदीत वजूचे पाणी रोज गटारात जाते. त्यात साबण नसतो. समजा एका मशिदीत पाच वेळांना सरासरी पन्नास नमाजी आणि माणशी तीन लिटर पाणी धरले, तर दिवसाला साडेसातशे लिटर झाले. कोवळ्या झाडाला उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या, म्हणजे तीस लिटर धरले, तर एवढ्या पाण्यावर दीडशेहून जास्त झाडे तगतील. एक पाइप आणि एक टाकी, एवढाच खर्च. शिवाय वजूला पाणी जपून वापरा ही शिकवण आहेच. पैगंबर साहेब एका मुद्दात, म्हणजे पाऊण लिटरहून कमी पाण्यात वजू करत, असे हदीसमध्ये येते.

आणि जागा? दाटीच्या मोहल्ल्यात अंगण राहिलेले नाही. बऱ्याच गावांत मोहल्ल्याकडे उरलेली सर्वांत मोठी मोकळी जमीन म्हणजे कब्रस्तान. काही जण म्हणतात, कब्रस्तान म्हणजे बगीचा नव्हे. मान्य आहे. तिथे लॉन आणि कारंजे नकोच. पण कडेने कडुनिंब आणि करंज लावायला कोणाची हरकत असावी? भर उन्हात जनाजा घेऊन येणाऱ्यांनी सावली शोधलेली मी पाहिली आहे.

झाड लावणे सदका आहे, हे आपण प्रत्येक वृक्षारोपणाच्या भाषणात ऐकतो. पण ती हदीस नीट वाचा. लावलेल्या झाडाचे माणूस, पक्षी किंवा जनावर खाते, तेव्हा तो सदका होतो. म्हणजे झाड तोवर जगले पाहिजे. फोटो काढून वाळू दिलेल्या रोपाचे कोण काय खाणार?

या मंडळाची आणखी एक कमाई आहे. ज्या गल्ल्यांमधले एकमेकांकडे येणे-जाणे आटले आहे, तिथे रोपे अजून जातात. संक्रांतीला काही काकू वाणात रोपे देतात. त्यातली काही आमच्याकडच्या काड्यांवर तयार झालेली असतात. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, शेवंती चीनकडची. दोघींनाही आपण केव्हाच घरचे करून घेतले. माणसांच्या बाबतीत एवढा मोठेपणा दाखवायला काय अडचण आहे? मात्र फेब्रुवारीत ग्रुप शांत झाला, की ही ये-जाही थांबते.

म्हणून यंदा तीन गोष्टी ठरवू. रोप मागणाऱ्याने मे महिन्यातले पाणी कुठून आणणार ते आधी सांगावे. नवी रोपे कमी लावावीत. आहेत त्यांच्या बुडाशी सोयाबीनचे कुटार अंथरावे, जमेल तिथे मातीचे मडके पुरावे. आणि बैठक एप्रिल-मेमध्येही व्हावी, संध्याकाळी, मठ्ठा पीत. त्या बैठकीत फक्त एकच मोजणी करायची: जगली किती.