रात्री एकची परीक्षा

जगातली पहिली भुयारी रेल्वे लंडनची, १८६३ची. पण आठवड्यातल्या बहुतेक रात्री ती मध्यरात्रीनंतर गाशा गुंडाळते. टोकियोची मेट्रो कमालीची वक्तशीर, पण शेवटची गाडी चुकली की पहाटेपर्यंत बसा ताटकळत. मॉस्कोत संगमरवरी थाट. तिथेही रात्री एकला दारं बंद. न्यूयॉर्कची स्थानकं कळकट, रुळांवर उंदीर; पण १९०४च्या पहिल्याच मार्गावर बऱ्याच भागात चार-चार रूळमार्ग टाकल्यामुळे काही दुरुस्तीला ठेवून उरलेल्यांवर गाड्या रात्रभर धावू शकतात. रात्रपाळी करणाऱ्याला विचाराल, तर पहिला नंबर न्यूयॉर्कचाच.