लपवण्यासारखं काही नाही, तरीही

मागच्या रमजानच्या आधीची गोष्ट. अम्मीच्या फोनमध्ये अजानचं ॲप टाकून द्यायला बसले होते. ती आता धाकट्या भावाकडे राहते. वसाहत नवी, मस्जिद लांब, आणि तिला ऐकूही थोडं कमी येतं. सहर चुकेल, रोजा उशिरा सुटेल, याची तिला सारखी धास्ती. ॲप उतरलं, उघडलं, आणि पहिलाच प्रश्न आला : लोकेशन वापरू का? कायम, की फक्त ॲप उघडं असताना?

माझं बोट सवयीनं ‘कायम’वर जाणार होतं. अम्मीनं विचारलं, “क्या पूछ रा वो?” म्हटलं, तू कुठे आहेस ते विचारतंय. त्यावर ती म्हणाली, “अजान देने को उसकू मेरा पत्ता कायकू होना?”

बी.एड. करून वीस वर्षं वर्गात उभी असलेल्या मला हा प्रश्न पडला नव्हता. अम्मी चौथी शिकलेली आहे. तिला तो लगेच पडला.

आधी तिच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देऊ. नमाजच्या वेळा सूर्यावर ठरतात, आणि सूर्य आकाशात कुठे दिसतो हे आपण पृथ्वीवर कुठे आहोत त्यावर ठरतं. त्यामुळे ॲपला जागा माहीत हवी, हे खरंच. पण किती नेमकी? भूगोलाच्या पुस्तकात आपण सगळे शिकलो आहोत की एक रेखांश ओलांडला की चार मिनिटांचा फरक पडतो. आपल्या भागात एक रेखांश म्हणजे शंभर किलोमीटरहून थोडं जास्त अंतर. म्हणजे दहा किलोमीटर पसरलेल्या शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या मिनिटाचाही फरक पडत नाही. म्हणून तर मस्जिदीच्या भिंतीवरचा वेळांचा एकच तक्ता अख्ख्या शहराला पुरतो, आणि वर्षानुवर्षं पुरतो. किब्ल्याचंही तसंच. तो आपल्याकडून पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे कललेला. घरातली ती भिंत अम्मीला डोळे मिटूनही सापडते.

तेव्हा अजानच्या ॲपला शहराचं नाव पुरतं. घर, गल्ली, दवाखाना, माहेर, बाजार यातलं काही त्याला लागत नाही. मग ते मागतं कशासाठी?

याचं एक उत्तर नोव्हेंबर २०२० मध्ये जगासमोर आलं. ‘व्हाइस’ या अमेरिकी माध्यमसंस्थेच्या ‘मदरबोर्ड’ विभागानं बातमी दिली की ‘मुस्लिम प्रो’ या ॲपमधून वापरणाऱ्यांच्या ठावठिकाणाची माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होती. ही कंपनी अशी माहिती गोळा करून विकायची. तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराची कामं घेणारे कंत्राटदार होते, आणि त्यांच्यामार्फत ती लष्करापर्यंत पोचत होती. त्या वेळी हे ॲप जगभरात ९ कोटी ८० लाखांहून जास्त वेळा उतरवलं गेलं होतं. आपण लष्कराला माहिती विकत नाही, असं ॲपवाल्यांनी जाहीर केलं आणि ‘एक्स-मोड’शी संबंध तोडले. डिसेंबरमध्ये ॲपल आणि गूगल यांनी त्या कंपनीचा प्रोग्रॅम आपापल्या ॲपमधून काढून टाका, असं ॲप बनवणाऱ्यांना बजावलं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं या कंपनीला आणि तिच्या वारसदार कंपनीला ठावठिकाणाची संवेदनशील माहिती विकायला मनाई केली. दवाखान्यात आणि प्रार्थनास्थळात कोण जातं हे या माहितीवरून कळू शकतं, हा त्यामागचा मुद्दा होता.

हे सगळं घडतं कसं, तेही समजून घेऊ. ॲप आपल्याला फुकट मिळतं, पण बनवणाऱ्याला खर्च असतोच. माहिती विकणारी कंपनी त्याला प्रोग्रॅमचा एक तयार तुकडा देते आणि तो ॲपमध्ये बसवण्याचे पैसे देते. मग फोन कुठे आहे, किती वाजता आहे, ते फोनच्या जाहिरात-क्रमांकासह तिकडे जात राहतं. त्यात आपलं नाव नसतं, असं सांगून धीर दिला जातो. पण रात्रभर फोन जिथे असतो ते घर, आणि रोज अकरा ते पाच जिथे असतो ती नोकरीची जागा. एवढं कळल्यावर नाव शोधायला किती वेळ लागणार?

ही बातमी फक्त आपल्याबद्दल होती असंही नाही. त्याच बातमीत वादळांची माहिती देणारं ॲप होतं, आणि भिंतीवरची फळी सरळ बसली की नाही ते दाखवणारंही. म्हणजे हा धंदा सगळ्यांच्याच जिवावर चालतो. पण अजान आणि किब्ला ज्या ॲपमध्ये शोधायचा, त्यातूनच हे व्हावं, याचं दुःख वेगळं होतं. आमच्या ओळखीच्या कितीतरी लोकांनी तेव्हा ते ॲप काढून टाकलं, आणि दुसरं टाकलं. दुसऱ्यालाही ‘कायम’ अशीच परवानगी दिली.

हे सगळं मी स्टाफरूममध्ये सांगितलं, तेव्हा एक सहकारी म्हणाले, “मॅडम, आपण काही गुन्हा करतो का? लपवण्यासारखं काही नाही, तर भ्यायचं कशाला?” हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. बहुतेक वेळा ते चांगल्या मनाचा माणूसच बोलतो. मीही बोलत होते. माझं मत बदललं ते अमेरिकेच्या बातमीनं नाही. ते माझ्याच चुकीनं बदललं.

दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते. नववीच्या मुलींची यादी केली : नाव, जन्मतारीख, पालकांचा मोबाइल नंबर. चुका तपासून घ्याव्यात म्हणून यादीचा फोटो काढला आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. काम पाच मिनिटांत झालं. सगळ्यांनी ‘ओके मॅडम’ लिहिलं.

आमच्या ग्रुपमधला प्रत्येक नंबर ‘पालकांचा’ असतो तो फक्त कागदावर. घरात फोन एक किंवा दोन. दिवसभर अब्बांकडे, संध्याकाळी भावाकडे, रात्री अभ्यासाला मुलीकडे. ती यादी कुणाच्या हातून कुठे गेली ते आजवर कळलेलं नाही. एका मुलीच्या आईच्या नंबरवर अनोळखी मुलाचे मेसेज सुरू झाले. त्याला मुलीचं नाव ठाऊक होतं, वाढदिवसही ठाऊक होता. एके रात्री ते मेसेज वडिलांनी पाहिले. मुलीनं काय केलं हे कुणी विचारलं नाही. तिचा फोन बंद झाला आणि शाळाही बंद झाली.

मी त्यांच्या घरी गेले. वडील टेम्पो चालवतात, अदबीनं बोलणारा माणूस. म्हणाले, “मॅडम, आप लोगां पे भरोसा करके भेजे थे.” मी त्यांना सांगितलं की मुलीनं कुणालाही नंबर दिलेला नाही, तो मी वाटला. ते बराच वेळ गप्प राहिले. आतल्या खोलीत ती मुलगी उभी असणार, हे मला जाणवत होतं. तिनं काही लपवलं नव्हतं. तिच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतंच. तरी शिक्षा तिलाच झाली होती.

अठरा दिवसांनी ती शाळेत आली. यंदा दहावी झाली, पुढे शिकते आहे. पण हजेरीपटावरचे ते अठरा दिवस माझ्या नावावर आहेत.

त्यानंतर ‘लपवण्यासारखं काही नाही’ हे वाक्य मला पुरेसं वाटेना. प्रश्न लपवण्याचा नसतोच. प्रश्न विचारण्याचा असतो. माझी माहिती कुणाला द्यायची, कशासाठी, किती, हे मला कुणी विचारलं का?

आपल्याला हा विचार नवा नाही. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी मागून आणि सलाम करून मगच जावं, असा हुकूम आहे. घरातल्या घरातही फजरच्या आधी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर लहान मुलांनी विचारून आत यावं, असं सांगितलं आहे. आत काही पाप चाललेलं असतं म्हणून हे नाही. माणसाला स्वतःची अशी जागा असते, म्हणून. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांच्या पाळतीवर राहायला मनाई आहे. मदरशात हे पाठ केलेली आपली मुलं बहिणीचा फोन मात्र न विचारता उघडतात, आणि आपण त्याला काळजी म्हणतो.

देशाचा कायदाही इथवर आला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. आधारच्या विरोधात त्यांनी केलेल्या याचिकेतून हा निकाल आला. २०२३ मध्ये संसदेनं डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात संमतीला महत्त्व आहे, आणि १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांच्या संमतीची अट आहे. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाटही त्याच कायद्यात आहे, आणि ती मला खटकते. तरीही विचारलं पाहिजे, हे तत्त्व आता कागदावर आलं आहे.

इथे एक भीतीही सांगायला हवी. जुलै २०२१ मध्ये, आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ ला, मुस्लिम स्त्रियांचे समाजमाध्यमांवरचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी ॲप्स बनवली गेली. त्यांची नावं इथे लिहावीशी वाटत नाहीत. पत्रकार, कार्यकर्त्या, शिकणाऱ्या मुली, कुणालाच सोडलं नव्हतं. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटका केल्या. पण आमच्या मोहल्ल्यात यावरून जो धडा काढला गेला तो असा : मुलींनी नेटवर जाऊच नये. म्हणजे चोरी ज्याने केली तो बाजूला राहिला, आणि जिच्या घरी चोरी झाली तिलाच कुलूप लावलं. माझ्या वर्गातल्या मुलीचं तेच झालं होतं. खासगीपणाच्या नावावर मुलींचा फोन काढून घेणाऱ्यांच्या बाजूनं मी हा लेख लिहीत नाही, हे स्पष्ट असावं. मुलीला फोन द्या, आणि ‘नाही’चं बटण कुठे असतं तेही शिकवा.

ते फार अवघड नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये लोकेशनची यादी उघडा आणि कुठल्या ॲपला ‘कायम’ परवानगी आहे ते पाहा. नकाशा आणि रिक्षाच्या ॲपला ‘वापरताना फक्त’ एवढं पुरतं. बाकीच्यांना नकार द्या. एखाद्याला जागा हवीच असेल तर नव्या फोनमध्ये नेमकी न देता अंदाजे देण्याची सोय आहे. जाहिरात-क्रमांक अँड्रॉइडमध्ये काढून टाकता येतो. आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर मागितला, तर शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर मिळतं, ते चालेल का विचारा. दुकानात बिलासाठी नंबर मागतात, तिथे ‘देत नाही’ म्हणून पाहा. सामान तरीही मिळतं.

आणि आपण शिक्षक, जमातीचे पदाधिकारी, ट्रस्टी, जे दुसऱ्यांची माहिती हाताळतो, त्यांच्यावर जास्त जबाबदारी आहे. मी आता यादी ग्रुपवर टाकत नाही. वर्गात प्रत्येकीला तिची ओळ दाखवते आणि सही घेते. त्याला पाच मिनिटांऐवजी दोन तास जातात. बक्षीस समारंभाचे फोटो टाकण्याआधी मुलींना आणि त्यांच्या घरी विचारते. रेशन किट वाटताना घेणाऱ्या बाईचा फोटो काढून ग्रुपवर टाकणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. देणाऱ्याला हिशेब दाखवायचा असेल तर थैल्यांचा फोटो काढा.

अम्मीच्या फोनवर त्या दिवशी मी लोकेशनला नकार दिला. ॲपनं जरा कुरकुर केली, दोनदा विचारलं, आणि शेवटी शहराचं नाव लिहायला चौकोन दिला. मी ‘सोलापूर’ लिहिलं. संध्याकाळी मगरिबची अजान वेळेवर झाली. अम्मीनं भिंतीवरच्या तक्त्याशी वेळ ताडून पाहिली, आणि खजूर उचलला.