जुन्या खातेदाराची ओळख-सही



मी बँकेत रुजू झालो त्या काळी नवे खाते उघडायचे झाल्यास अर्जावर जुन्या खातेदाराची ओळख-सही लागत असे. अशा सह्या ताडून पाहण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. परंतु निवृत्तीनंतर स्वतःच्याच घरात नवा सदस्य आणताना जुन्याला विचारावे, हे मला सुचले नाही.

आमच्या घरी सात वर्षांपासून राणी नावाची मांजरी आहे. गेल्या पावसाळ्यात सांगलीच्या गणपती पेठेतील एका स्नेह्यांच्या गोदामात हळदीच्या पोत्यांआड एक पिल्लू सापडले. दोन दिवस वाट पाहूनही त्याची आई फिरकली नाही, तेव्हा नातवाच्या आग्रहास्तव मी ते घरी आणले. राणीलाही सोबत होईल, असा माझा हिशेब. पिल्लू मी थेट तिच्या पुढ्यात ठेवले. राणी पाठ उंचावून फिस्कारली आणि कपाटावर चढून बसली. पुढचे दोन दिवस ती खाली उतरली नाही. अन्नालाही तिने तोंड लावले नाही.

उपवासाचे आपल्या घरांत नवल नसते. ‘भूक लागली की येईल खाली,’ असे मी म्हणालो. सौभाग्यवतींना ते पटेना. ‘अहो, आपण उपवास करतो तो स्वेच्छेने. ही घाबरली आहे,’ एवढेच त्या म्हणाल्या आणि त्यांनी पशुवैद्यांना दूरध्वनी लावला.

पशुवैद्यांनी जे सांगितले त्याने माझे डोळे उघडले. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तर शरीरातील चरबी यकृतात साठू लागते आणि जिवावर बेतू शकते. स्थूल मांजराला हा धोका अधिक. आमची राणी चांगलीच स्थूल! दुसरी चूकही त्यांनी पदरात घातली: तपासणी न करताच पिल्लू राणीजवळ नेले होते. बाहेरून आलेल्या पिल्लाकडून पिसवा, जंत आणि पॅनल्युकोपेनियासारखा घातक विषाणूही येऊ शकतो. म्हणून निदान दहा ते चौदा दिवस त्याला स्वतंत्र खोलीत ठेवावे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून लसीकरण सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने मात्रा द्याव्यात. रेबीजची लस साधारण बाराव्या आठवड्यात.

पिल्लाची रवानगी त्याच दिवशी माडीवरच्या खोलीत झाली. रात्री राणी खाली उतरली आणि चार घास खाल्ली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

त्यानंतर आम्ही नव्याने आरंभ केला. मांजराची ओळख डोळ्यांआधी नाकाने होते. म्हणून पिल्लाच्या अंगावरून फिरवलेले फडके राणीच्या जागेपाशी ठेवले आणि राणीचे पिल्लापाशी. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची ताटली. राणी पहिल्या दिवशी दारापासून सहा फुटांवर जेवली. ताटली रोज वीतभर पुढे सरकवली. ती बिचकली, की पुन्हा मागे घेतली. पुढे जाळीच्या दारातून दर्शन आणि शेवटी आमच्या देखरेखीखाली पाच-पाच मिनिटांची भेट. फिस्कारणे म्हणजे भांडण नव्हे, ‘अंतर राख’ ही सूचना होय. त्यासाठी जुन्या मांजराला रागावू नये. जुंपलीच, तर मध्ये हात न घालता पुठ्ठा आडवा धरावा. शौचासाठी वाळूची पात्रे मांजरांच्या संख्येहून एक अधिक ठेवावीत. राणीची टोपली, तिची खिडकी आणि पहिली ताटली यांवरचा तिचा हक्क आम्ही अबाधित ठेवला. या साऱ्यास पाच आठवडे लागले.

वाचकांच्या मनातील प्रश्न मी टाळणार नाही. मांजर हा निसर्गतःच मांसाहारी जीव आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला आहारातूनच मिळावे लागते. ते न मिळाल्यास दृष्टी आणि हृदय दुबळे होते. दूधभातावर त्याचे भागत नाही, आणि प्रौढ मांजरांना दूध बहुधा पचतही नाही. आमच्याकडे त्यांचे तयार कोरडे खाद्य मागच्या ओसरीत, वेगळ्या भांड्यांत असते. स्वयंपाकघरात ते येत नाही. यावर आमच्या घरी बराच ऊहापोह झाला आणि मनाला अजूनही पूर्ण समाधान नाही. ज्यांना हे मान्य होणार नाही त्यांनी पिल्लाला दुसरे चांगले घर शोधून द्यावे. तीही जीवदयाच आहे. मात्र घरी आणून त्याला अपुऱ्या अन्नावर ठेवू नये. तसेच दोन्ही मांजरांचे निर्बीजीकरण वेळेवर करावे. अन्यथा पुढच्या पावसाळ्यात पोत्यांआड आणखी चार पिल्ले सापडतील.

राणी आणि पिल्लू यांच्यात मैत्री झाली, असे मी म्हणणार नाही. परवा दुपारी ते राणीच्या टोपलीत झोपले होते. राणी आली, तिने त्याला हुंगले, क्षणभर थांबली आणि टोपलीच्या उरलेल्या कोपऱ्यात अंग दुमडून बसली. सौभाग्यवतींनी मला खुणेनेच बोलावून ते दृश्य दाखवले.

ओळख-सही मिळाली होती.