मोठ्या इंजिनाचा मोह

मासेमारीच्या जुन्या होडीची यॉट करायची म्हटली, की पहिला सल्ला मिळतो: चाळीस अश्वशक्तीचं इंजिन काढा, शंभरचं बसवा, गिऱ्हाइकाला वेग हवा असतो. कोलशेत ते डोंबिवली या खाडीच्या पट्ट्यासाठी हा सल्ला साफ चुकीचा आहे.

मासेमारीच्या होडीचं बूड खोल असतं. ती पाणी बाजूला सारत चालते, पाण्यावर चढून धावत नाही. तिच्या वेगाला लांबीच लगाम घालते. पाण्याच्या रेषेवरच्या लांबीच्या फुटांचं वर्गमूळ काढून 1.34 ने गुणा: 36 फुटांना साधारण 8 नॉट, म्हणजे तासाला 15 किलोमीटर. त्यापुढची ताकद लाटा उठवण्यात जाते. नाळ वर उठते, मागचा भाग पाण्यात बसतो, लाटा तिवरांवर आदळतात. तिवरांच्या या खाडीत हे मुळीच परवडणारं नाही.

आता डिझेल. एका अश्वशक्तीमागे तासाला सुमारे 0.2 लिटर लागतं. आठ टनांच्या होडीला 6 नॉटसाठी 20 अश्वशक्ती पुष्कळ झाली, म्हणजे 4 लिटर. शंभरचं इंजिन पूर्ण जोरात चालवलं तर 20 लिटर, आणि पदरात पडतात फार तर अडीच-तीन नॉट जास्त. लिटरला 90 रुपये धरले, तर तासाला 360 विरुद्ध 1,800! शिवाय मासेमारीची नोंद गेली की डिझेलवरच्या कराचा परतावाही जातो. जुन्या दराने हिशेब मांडणारा इथेच फसतो.

‘मोठं इंजिन घ्या आणि हळू चालवा’ हेही पटत नाही. कायम कमी भारावर चालणारं डिझेल इंजिन नीट तापत नाही, काजळी धरतं. लहान इंजिनावरचा ओहोटीचा आक्षेप मात्र खरा आहे: दोन नॉटचा प्रवाह समोरून आला तर सहाचे चार उरतात. पण नाखवा पूर्वापार पाण्याची वेळ बघूनच होडी सोडतो. फेऱ्यांचं वेळापत्रक भरती-ओहोटीला बांधा, म्हणजे तेच दोन नॉट फुकट मिळतील. अडीअडचणीला चाळीसच्या इंजिनात निम्मी ताकद शिल्लक असतेच.

वाचलेला पैसा होडीच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) घाला. मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा आणि त्याला जुळणारा गिअर बॉक्स घ्या. बर्फ-मासळीचं वजन तळातून गेलं आणि वर केबिन चढली, तर होडी डोलते. म्हणून तळाशी भार भरा. होडीची लांबी आणि वजन मोजल्याशिवाय इंजिनाचा बयाणा देऊ नका.